डिकीतले लांडगे आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या महिन्यात या सदरात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेलो की जर्मनीत शंभरेक वर्षांनी लांडगा परत आलाय आणि तिथले मेंढपाळ वैतागलेत. चार ओळी होत्या हो फक्त. पण त्यावर एवढी पत्रं आणि मेल आलेत की या वेळी गाईंचा कासदाह, कोंबड्यांची मानमोडी सगळं बाजूला ठेवतोय, ज्यांनी ते प्रश्न पाठवलेत त्यांनी राग मानू नका, पुढच्या अंकात नक्की घेतो. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त मेल जर्मनीत राहणाऱ्या मराठी लोकांचे आहेत आणि सगळ्यात चिडलेलं पत्र इंदापूर तालुक्यातलं आहे. ते शेवटी घेतलंय, कारण त्याला उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही उत्तर जर्मनीत, ल्युनेबर्ग हाइडच्या जवळ एका लहान गावात राहतो. मुलगी साडेचार वर्षांची आहे, इथल्या वाल्डकिंडरगार्टनला जाते, म्हणजे बालवाडीच जंगलात भरते, भिंती वगैरे काही नाही. मागच्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी शेतातून पळणाऱ्या लांडग्याचा व्हिडिओ टाकला आणि तेव्हापासून ग्रुपमध्ये दोन पार्ट्याच पडल्यात. एक म्हणते लांडगा लाजाळू असतो, काही करत नाही, तुम्ही लोक परीकथा ऐकून घाबरता. दुसरी म्हणते मूल उचलून नेल्यावर मग बोला. त्यात माझी आई कोल्हापूरहून रोज फोन करून सांगते की पोरीला पाठवू नकोस. मी काय करू?
(एक आई, ल्युनेबर्गजवळून)

उत्तर : मी असतो तर पाठवलं असतं. पण ग्रुपमधल्या पहिल्या पार्टीसारखं बोललो नसतो.

आधी आकडे सांगतो, आईंना फोनवर सांगायला उपयोगी पडतील. युरोपियन कमिशननं (युरोपियन युनियनचा कारभार बघणारी संस्था) २०२३ च्या डिसेंबरमध्ये लांडग्यांवर एक मोठा रिपोर्ट काढला, त्यात म्हटलंय की युरोपात गेल्या ४० वर्षांत लांडग्यानं माणूस मारल्याची एकही नोंद नाही, आणि तेव्हा युनियनमधल्या देशांत मिळून साधारण २०,३०० लांडगे होते. नॉर्वेतल्या निसर्ग संशोधन संस्थेनं त्याआधी सगळ्या जगाचा हिशोब केला होता. २००२ ते २०२० या काळात लांडग्यांनी ४८९ माणसांवर हल्ले केले आणि त्यातले ३८० हल्ले पिसाळलेल्या लांडग्यांचे. एवढ्या वर्षांत युरोप आणि उत्तर अमेरिका मिळून माणूस दगावल्याच्या केस दोन, दोन्ही उत्तर अमेरिकेतल्या. जर्मनी २००८ पासून रेबीजमुक्त आहे (वटवाघळांचा वेगळा प्रकार सोडून), म्हणजे भीतीचं सगळ्यात मोठं कारण तुमच्याकडे नाहीच.

आता दुसरी बाजू, जी ग्रुपवर कुणी शांतपणे सांगत नसणार. तुमच्या शेजारच्या नेदरलँड्समध्ये उट्रेख्टच्या जंगलात २०२४ आणि २०२५ मध्ये लांडगा लहान मुलांपर्यंत पोचलाय, २०२५ मध्ये तर सहा वर्षांच्या मुलाला धरून ओढलं होतं, मूल वाचलं. माणसाची भीती मोडलेला एखादा लांडगा निघू शकतो, आणि ती भीती बहुतेक वेळा माणसंच मोडतात, खायला टाकून, फोटोसाठी जवळ जाऊन, कचरा उघडा ठेवून. म्हणून "तो काहीच करत नाही" हे वाक्य मला आवडत नाही. ते ऐकून पुढच्या वेळी काही झालं की लोक म्हणतात, बघा, खोटं बोलत होते, आणि मग खरं सांगितलेलंही कुणी ऐकत नाही.

आणि आईंना वेड्यात काढू नका बरं का. आपल्याकडची भीती परीकथेतली नाहीये. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बहराईच जिल्ह्यात लांडग्यांनी मुलं उचलली, घराबाहेर किंवा दार नसलेल्या घरात झोपलेली मुलं, सरकारला ऑपरेशन भेडिया काढावं लागलं. आजीच्या डोक्यात ते चित्र आहे. तुमच्याकडचं चित्र वेगळंय, तिथे जंगलात हरणं, रानडुकरं भरपूर आहेत, मुलं रात्री उघड्यावर झोपत नाहीत, सोबत दोन मोठी माणसं असतात. हा फरक आईंना नीट सांगा, नुसतं "इथे तसं नसतं" म्हणू नका.

बालवाडीच्या ताईंना एवढंच विचारा की लांडगा दिसला तर तुमचं काय ठरलंय. मुलांना जवळ घ्यायचं, पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, मोठ्यानं ओरडायचं, टाळ्या वाजवायच्या, हळूहळू मागे यायचं, आणि डबे उघडे टाकून जायचं नाही. हे त्यांना पाठ असेल तर तुम्ही निर्धास्त राहा. नसेल तर ग्रुपवर भांडण्यापेक्षा यावर एक मीटिंग लावा.

प्रश्न : लाइपझिगला नोकरी करतो. ऑफिसमधला एक सहकारी, शिकलेला माणूस, इंजिनियर, शपथेवर सांगतो की लांडगे आपोआप आलेले नाहीत, पर्यावरणवाल्यांनी पोलंडमधून गाडीच्या डिकीत घालून आणून सोडलेत आणि सरकारला सगळं माहितीये. मी हसलो तर त्याला राग आला. यात काही तथ्य आहे का?
(एक वाचक, लाइपझिग)

उत्तर : नाही. पण तुम्ही हसायला नको होतं.

ही डिकीची गोष्ट जर्मनीत इतकी जुनी आहे की तिला शब्दच पडलाय, कोफररौमवोल्फ, म्हणजे डिकीतला लांडगा. खरं काय झालं ते तुमच्या लाइपझिगपासून गाडीनं दोन-अडीच तासांच्या अंतरावरचं आहे. पोलंडच्या सीमेजवळच्या लाउझित्स भागात १९०४ मध्ये एक लांडगा मारला होता, लोक त्याला साब्रोड्टचा वाघ म्हणायचे (लांडग्याला वाघ म्हणणारे आपणच नाही!), त्यानंतर तिथे लांडगा संपला असंच धरलं जायचं. पोलंडमधून अधूनमधून एखादा यायचा आणि पूर्व जर्मनीच्या काळात गोळी खाऊन मरायचा. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि लांडग्याला सगळीकडे कायद्याचं संरक्षण मिळालं. गोळ्या थांबल्या, बस, एवढंच झालं. पुढे त्याच भागात मुस्काउ हाइड नावाच्या लष्कराच्या सरावाच्या जमिनीवर पोलंडमधून आलेल्या जोडीला २००० साली पिल्लं झाली. सीमेवर नदी आहे, पण लांडग्याला पोहता येतं आणि तरुण लांडगा आईबापांचा कळप सोडून नवी जागा शोधत शेकडो किलोमीटर जातो. डिकीची गरज कुणाला होती!

तिथे मेलेल्या लांडग्याचं, विष्ठेचं, चावलेल्या जागेवरच्या लाळेचं डीएनए गेल्नहाउझेनच्या लॅबमध्ये तपासतात, कुठला लांडगा कुणाचा पोरगा हे बऱ्याचदा नावानिशी, म्हणजे नंबरानिशी, सांगता येतं. त्यात लांडगे आले कुठून हे स्पष्ट दिसतं. २०२३-२४ च्या मोजणीत जर्मनीत २०९ कळप निघाले.

मग शिकलेला माणूस असं का मानतो? मला वाटतं डिकीची गोष्ट त्याला सोयीची पडते. लांडगा स्वतःच्या पायांनी आला असेल तर कुणावर चिडायचं? पोलंडवर? नदीवर? डिकीतून आणला असेल तर आणणारा कुणीतरी आहे, त्याला जाब विचारता येतो. आणि एक गोष्ट खरी आहे, लांडगा येणार हे दिसत असताना मेंढपाळांना तयार करायला, कुंपणाचे पैसे द्यायला, फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस पाठवायला सरकारी यंत्रणा बऱ्याच ठिकाणी उशिराच जागी झाली. लांडगा डिकीतून आला नाही पण लोकांना तो कुणीतरी आपल्यावर लादलाय असंच वाटलं. लोअर सॅक्सनीत, ब्रांडेनबुर्गमध्ये शेतकरी रात्री शेकोट्या पेटवून निषेध करतात, मानफॉयर म्हणतात त्याला. शेकोटीला लांडगा घाबरत नाही हे त्यांनाही माहितीये, ती पेटवलीये शहरातल्या लोकांना दिसावी म्हणून.

तर सहकाऱ्याला डीएनएचा रिपोर्ट पाठवू नका, वाचणार नाही तो. त्याच्या घरी, सासरी कुणाची मेंढरं आहेत का ते विचारा. माझा अंदाज आहे असतील.

प्रश्न : सर, मी यलोस्टोनचे व्हिडिओ बघून लांडग्यांचा फॅन झालोय. लांडगे सोडले आणि नद्यांचे प्रवाहसुद्धा बदलले म्हणे! मग शेतकरी एवढा विरोध का करतात? हा निव्वळ अज्ञानाचा प्रश्न नाही का, लोकांना नीट शिक्षण दिलं तर विरोध संपेल ना?
(एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न वाचून मला माझं तरुणपण आठवलं, मीही असाच होतो. त्याची फजिती पुढे सांगतो.

अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कचं खरं तेवढं आधी घेऊ. १९२६ पर्यंत तिथले लांडगे मारून संपवले होते. (योगायोग बघा, आपल्या वनखात्याच्या हॅलो फॉरेस्टचा नंबरही १९२६ आहे.) मग १९९५ च्या जानेवारीत कॅनडातून १४ लांडगे आणले, पुढच्या वर्षी आणखी १७. ते वाढले, हरणांची संख्या कमी झाली, काही ठिकाणी विलोची झाडं पुन्हा उंच झाली. पण त्याच काळात तिथे अस्वलं वाढली, प्यूमा वाढले, पार्कबाहेर शिकार होती, दुष्काळ होता, त्यामुळे नेमकं श्रेय कुणाला किती यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. नदीचा प्रवाह लांडग्यानं बदलला हे पाच मिनिटांच्या व्हिडिओत छान दिसतं, पण प्रकरण एवढं सरळ नाहीये.

आता विरोध. त्यासाठी यलोस्टोन सोडा, शेजारच्याच भागातलं कोलोराडो राज्य बघा, कारण तिथे लांडगा चालत आला म्हणून नाही, मतदान करून आणलाय. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रपोझिशन ११४ म्हणून प्रश्न मतपत्रिकेवर होता, लांडगे परत आणायचे का, आणि ५१ टक्क्यांच्याही आत राहून तो पास झाला. डेन्व्हर, बोल्डरसारख्या पूर्वेकडच्या शहरांनी हो म्हटलं. लांडगे सोडायचे होते डोंगराच्या पश्चिमेला, जिथे गाईगुरांचे मोठे रँच आहेत, आणि तिथल्या बहुतेक काउंट्यांनी नाही म्हटलं होतं. समजा उद्या पुण्यामुंबईनं मतदान करून ठरवलं की जुन्नरच्या उसात आणखी वीस बिबटे सोडायचे, तर जुन्नरकर काय म्हणतील? अगदी तेच.

पुढे काय झालं बघा. डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगनमधून आणलेले दहा लांडगे सोडले आणि नंतर कळलं की त्यातले काही अशा कळपांतले होते ज्यांनी ओरेगनमध्येच जनावरं मारली होती. रँचवाले म्हणाले, आम्हाला आधी सांगितलं का नाही? थोड्याच महिन्यांत तिथल्या एका जोडीनं गुरं-मेंढरं मारायला सुरुवात केली, त्यांना पिल्लं झाली, कॉपर क्रीक पॅक नाव पडलं. मालक म्हणत होते हलवा, वन्यजीव खातं म्हणत होतं थांबा, शेवटी ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये पकडावंच लागलं, नर मेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये मादी नि पिल्लं दुसऱ्या ठिकाणी पुन्हा सोडली. त्या दुसऱ्या ठिकाणच्या लोकांना काय वाटलं असेल? कायद्यात भरपाई चांगली आहे हो, एका जनावरामागे १५ हजार डॉलरपर्यंत. पण पैसे मिळणं आणि आपल्याला कुणी विचारलं असं वाटणं, या दोन गोष्टी वेगळ्या.

यात अज्ञान कुठे आहे? रँचवाल्याला लांडग्याबद्दल तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त माहितीये. लांडगा किती हरणं खातो, जंगलाला काय फायदा, हे त्यानं ऐकलंय दहा वेळा. त्याचा प्रश्न आहे की रात्री कोण जागणार. आणि त्याचं उत्तर शिक्षणात नाही.

प्रश्न : लांडगा एक मेंढी खातो आणि वीस मारून का टाकतो? म्हणजे तो क्रूरच ना?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : क्रूर बिर काही नाही. रानात हरणांच्या कळपावर गेला की एखादं सापडतं, बाकीची पळून जातात, खेळ खलास. कुंपणातल्या मेंढ्या पळून जाऊ शकत नाहीत, त्या गोल गोल धावत राहतात, आणि समोर काहीतरी धावतंय तोवर लांडग्याचं डोकं "धर" एवढंच सांगत राहतं. सकाळी माणूस येतो म्हणून तो परत खायला येऊ शकत नाही, नाहीतर आला असता. कोंबड्यांच्या खुराड्यात मुंगूस शिरलं की काय होतं ते नांदेडकरांना वेगळं सांगायला नको.

प्रश्न : असं वाचलं की युरोपच्या मोठ्या बाईंचा घोडा लांडग्यानं मारला म्हणून सगळ्या युरोपचा कायदा बदलला. खरं आहे का? आपल्याकडे मंत्र्याचं कुत्रं बिबट्यानं नेलं तरी असं होत नाही!
(एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : हा हा! घोडा नाही, पोनी. उर्सुला फॉन डेर लायन, युरोपियन कमिशनच्या अध्यक्षा, त्यांच्या घरी लोअर सॅक्सनीत डॉली नावाची तीस वर्षांची पोनी होती, सप्टेंबर २०२२ मध्ये लांडग्यानं मारली. डीएनए तपासून लांडगाही कळला, जीडब्ल्यू ९५० एम. पुढे कमिशननं लांडग्यांचा प्रश्न हातात घेतला, डिसेंबर २०२४ मध्ये बर्न कराराखाली (युरोपातले प्राणी-वनस्पती जपायचा देशादेशांतला करार) लांडगा "कडक संरक्षित" मधून नुसता "संरक्षित" झाला, मार्च २०२५ मध्ये ते लागू झालं आणि जून २०२५ पर्यंत युनियननं स्वतःचा कायदाही तसाच बदलला. म्हणजे देशांना लांडगे मारायची मोकळीक वाढली, पण संख्या ठीक राखायची जबाबदारी राहिलीच.

पोनीमुळे झालं का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल, शेतकरी संघटना आणि बरीच सरकारं पोनीच्या आधीपासून मागे लागली होती. पण गंमत बघा, यामुळे अविश्वास दोन्हीकडून वाढला. लांडगाप्रेमी म्हणतात एका पोनीसाठी विज्ञान गुंडाळलं. आणि मेंढपाळ म्हणतो आमची हजारो मेंढरं गेली तेव्हा कुणी हललं नाही, बाईंची एक पोनी गेली तर कायदा हलला. जर्मनीत २०२३ या एका वर्षात मारलेली-जखमी केलेली पाळीव जनावरं साधारण ५७०० होती. मला दुसऱ्याचं बोलणं जास्त लागतं.

एक आकडा मात्र दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं वापरतात तो सांगून ठेवतो. युनियनमध्ये वर्षाला निदान ६५ हजार जनावरं लांडगे मारतात, त्यात मेंढ्या-बकऱ्या जास्त. एकूण सहा कोटी मेंढ्यांच्या हिशोबात हे टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतं. ब्रसेल्सला, युनियनच्या कचेरीत बसून बघितलं तर काहीच नाही. पण ते नुकसान सहा कोटींत सारखं वाटलं जात नाही ना, ज्याच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, रात्री लांडगा पडला त्याचं एका रात्रीत पंधरा टक्के जातं.

प्रश्न : डाक्टर साहेब रामराम. तुम्ही जर्मनीचं लिहिलं ते चुलतभावानं वाचून दाखवलं. आमच्या हितं लांडगा परत बिरत आला न्हाई, गेलाच नव्हता कधी. यंदा दोन कोकरं आन एक गाभण मेंढी नेली. वनखात्याला फोन केला तर म्हणाले कुत्र्यानं मारली असंल. तुम्ही शिकलेली मानसं लांडग्याचे फोटो काढायला गाड्या घेऊन येता, आमच्या मेंढराचा फोटो कोण काढनार? आमाला लांडगा मारायचा न्हाई, आमचे म्हातारे म्हनायचे त्याचा वाटा त्यो नेनारच. पन आमचं कोन ऐकनार ते सांगा.
(एक मेंढपाळ, तालुका इंदापूर)

उत्तर : रामराम. दादा, "कुत्र्यानं मारली असंल" हे वाक्य वाचलं आणि पेनच थांबला. कारण हेच वाक्य मी म्हणालोय.

जनावरांचा डॉक्टर म्हणून नोकरीला लागून दोन वर्षं झाली असतील. एका मेंढपाळानं सकाळी बोलावलं, मी गेलो, माळावर तीन मेंढ्या पडलेल्या, मी जीपमधून उतरलो, लांबूनच बघितलं आणि म्हणालो, गावातली कुत्री असणार, हल्ली फार माजलीयेत. तो काही बोलला नाही. त्यानं वाकून एका मेंढीच्या गळ्यावरची लोकर बाजूला केली आणि मला दाखवलं, दोन्ही बाजूंना सुळ्यांची भोकं, बाकी अंगावर ओरखडा नाही. कुत्री अशी मारत नाहीत, कुत्री मागच्या पायांना, कानाला, शेपटीकडे, जिथे मिळेल तिथे फाडतात, चार-पाच अर्धवट जखमी ठेवून जातात. हे मी कॉलेजात शिकलो होतो! बघायला वाकलो नव्हतो एवढंच. मी सॉरी वगैरे म्हणालो, पण त्या माणसानं मला परत कधी बोलावलं नाही, आणि लांडग्याबद्दल तर त्यानंतर त्या वाड्यांवरून मला कुणीच काही सांगितलं नाही. पुढे मी लांडग्यांवर कितीही बरोबर बोललो तरी तिथे त्याला किंमत नव्हती.

म्हणून तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर. कोण ऐकणार हे मी सांगू शकत नाही, पण त्यांना ऐकावं लागेल असं काय करता येतं ते सांगतो.

महाराष्ट्रात लांडग्यानं मेंढी-शेळी मारली तर भरपाई बसते, तो यादीत आहे. पण खबर लगेच, दोन दिवसांच्या आत गेली पाहिजे आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही. आता मला माहितीये तुम्ही काय म्हणणार, आमचा वाडा आज इथे उद्या तिथे, दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागलं की एका माणसाला मेलेल्या मेंढीपाशी दोन दिवस बसवून ठेवायचं कसं? खरं आहे. हा नियम घर असलेल्या माणसासाठी लिहिलाय, चालत्या माणसासाठी नाही, आणि हे मी वनखात्यातल्या ओळखीच्या लोकांना दरवेळी बोलतो. जर्मनीत दुसऱ्या कारणानं हेच होतं, तिथे लाळेचा नमुना लवकर घ्यावा लागतो, मग लॅबचा निकाल यायला वेळ, तोवर गावात दहा अफवा.

शिवाय कागदावर न येणारं नुकसान असतं. लांडगा पडून गेल्यावर गाभण मेंढ्या गाभडतात, कळप बिथरतो, आठवडाभर नीट चरत नाही. एकाही देशात हे सगळं पूर्ण मोजून मिळतं असं मला दिसलेलं नाही.

आणखी एक. तुमच्याकडची माळरानं सरकारी कागदात पडीक म्हणून लागलीत, म्हणून तिथे कुठे सौरप्रकल्प, कुठे झाडं लावायची मोहीम, कुठे पाणी आल्यावर ऊस. चिंकारा कमी, ससे कमी, तुमचा चारा कमी. लांडगा आणि तुम्ही एकाच माळावरून हाकलले जाताय आणि जाता जाता एकमेकांच्या अंगावर पडताय. भारतात हा लांडगा आता तीनेक हजारच उरलाय असा अंदाज आहे, म्हणजे युरोपात त्याच्या भावंडांची संख्या वाढतीये आणि इथे हा गावठी कुत्र्यांत मिसळायला लागलाय, पुण्याच्या आसपास तसे संकर डीएनएनं सिद्ध झालेत. तुमचे म्हातारे त्याला वाटेकरी म्हणायचे. जर्मनीच्या मेंढपाळाच्या घरात ही गोष्ट सांगणारा म्हातारा उरला नव्हता, मधे शंभर वर्षं गेली, कुत्री पाळायची पद्धत गेली, रात्री कळपाजवळ झोपायची सवय गेली. आता ते पैसे भरून मेंढरं राखणारे पिरेनीजचे कुत्रे आणतात आणि पिल्लं असल्यापासून कोकरांत वाढवतात. आणि रात्रीला जाळीचं कुंपण लावतात, उचलून नेता येणारं, नव्वद सेंटिमीटर ते सव्वा मीटर उंच. म्हणजे आपली वाघरच (रात्री मेंढरं कोंडायची जाळी), फक्त तिच्यात बॅटरीचा करंट. तशी बॅटरीची जाळी तुमच्या वाड्यावर चालेल का, वजन किती पडेल घोड्यावर, पावसात काय, हे मला तुमच्याकडून कळलं तर मी त्यावर पुढच्या अंकात लिहीन, अंदाजानं लिहायचं मी आता सोडलंय.

तोवर एवढं करा. पुन्हा असं झालं की आधी वनखात्याच्या हॅलो फॉरेस्टला, म्हणजे १९२६ ला फोन, कुणी उचलला त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. मग चुलतभावाला म्हणावं मोबाईलवर फोटो काढ, आधी पूर्ण जनावर, मग गळा, लोकर बाजूला करून अगदी जवळून, मग आजूबाजूच्या मातीतले पंजे, पंजाशेजारी काडेपेटी ठेवून म्हणजे आकार कळेल. मेंढीचा टॅग असेल तर तोही. आणि हे फोटो मलाही पाठवा, पत्ता मासिकाचाच टाका. या वेळी वाकून बघीन.